क्षणभर आधी सुटलेला चेंडू

हवालदार,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आहे. तुमचा जन्म कुठला, पलटणीत किती वर्षं होतात, कुठल्या कुठल्या मुलखात राहिलात, हे सगळं एका सहकाऱ्याने कागदावर टिपून माझ्या हातात दिलं. तो कागद मी बाजूला ठेवला. तो वाचून तुम्ही डोळ्यांसमोर येत नाही. तुम्ही दिसता ते पोलादपूरच्या एस.टी.तून उतरून, वहाणा हातात घेऊन, मैदानाच्या कडेने अनवाणी येताना. आखलेल्या मैदानावर वहाणा घालून यायचं नाही, असा तुमचा स्वतःपुरता नियम होता. पोरांना तुम्ही तो कधी सांगितला नाहीत. तरी महिन्याभरात सगळी पोरं वहाणा फाटकाशी काढून येऊ लागली, आणि मग मीही बूट काढू लागलो.

पहिल्यांदा आलात तेव्हा मला तुमचा रागच आला होता. मुंबईहून व्यायामशिक्षणाचा कोर्स करून मी महाडच्या शाळेत नुकताच लागलो होतो. सोबत एक कातडी चेंडू आणि बास्केटबॉलच्या नियमांचं एक पुस्तक आणलं होतं. लोहाराकडून दोन कड्या ठोकून घेतल्या, आंब्याच्या फळ्यांवर त्या बसवल्या, ऐनाचे दोन खांब रोवले. जिल्ह्यात हा खेळ दोन-तीनच शाळांत होता आणि त्यातली एक आपली, याचा मला केवढा अभिमान होता! त्या दिवशी तुम्ही तुमच्या वाडीतल्या कृष्णाला बोर्डिंगात तांदूळ पोचवायला आला होतात. पिशवी खाली ठेवून तासभर बघत उभे राहिलात. मग माझ्याजवळ येऊन म्हणालात, "मास्तर, ह्यो खेळ मी पलटणीत लय खेळलोय."

"असं का?" मी म्हणालो. माझ्या आवाजातला कोरडेपणा तुमच्या कानावर गेला असणारच.

"पोरं चांगली हायत. पर चेंडूच्या मागं मागं पळतायत सगळी."

"मग काय करावं म्हणता?"

तुम्ही धोतर वर खोचलंत, कडीकडे पाठ करून उभे राहिलात आणि मला म्हणालात, टाका. मी चेंडू टाकला. तो तुमच्या खांद्यावर आपटला. पोरं हसली. तुम्ही म्हणालात, "उशीर झाला. पुन्हा." मी पुन्हा टाकला. या वेळी तुमच्या पाठीवर. "आता लवकर झाला. मी अजून वळलोच नाय." आठ-दहा वेळा तसं झालं असेल. मग एकदा कसा कोण जाणे, चेंडू आणि तुमचे हात एकाच क्षणी एकाच जागी आले. तुम्ही एका पायावर गरकन फिरलात आणि चेंडू कडीतून खाली पडला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, अंगात बंडी, धोतर गुडघ्यांवर. पोरांचं हसणं थांबलं.

"येवढाच खेळ हाय, मास्तर," तुम्ही म्हणालात. "बाकी सगळं पळापळ."

त्या जागेला माझ्या पुस्तकात 'पिव्हट' म्हटलं होतं. पोरांच्या जिभेवर तो शब्द बसेना. तुम्ही त्यांना सांगितलंत, मेढ म्हणा. खळ्याच्या मधोमध जो खांब रोवतात आणि मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात, तो. सगळी पोरं शेतकऱ्यांच्या घरची. त्यांना एका शब्दात कळलं की मधला हलत नाही, बाकीचे त्याच्याभोवती हलतात. मला ते समजावून सांगायला आठवडा लागला असता.

आपली मेढ म्हणजे हसन. त्याच्या वडिलांच्या मालाच्या गाड्या होत्या, आणि पोरगा त्या गाडीच्या टपाला हात लावील इतका उंच. पण त्या उंचीची त्याला लाज वाटे. वर्गातून बाहेर पडताना चौकट डोक्याच्या वर हातभर असली तरी तो वाके. तुम्ही त्याला कधी 'ताठ उभा राहा' म्हणाला नाहीत. नुसतं म्हणायचात, "हसन, तुझ्या मागं कोण हाय ते मला पाठीनं सांग." आणि तो पाठ ताठ करून, मागच्या पोराला पाठीने चाचपत उभा राहायला शिकला. सहा महिन्यांनी त्याची आई शाळेत आली ती विचारायला, की माझा मुलगा सरळ चालायला लागलाय, तुम्ही त्याला काय औषध दिलंत?

आणि चेंडू देणारा कृष्णा. तुमच्या शेजारच्या घरचा, बाप लहानपणीच गेलेला. अंगाने बारका, बोलायला महाग. तुम्ही त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलात हे मला फार उशिरा कळलं, कारण मैदानावर तुम्ही त्यालाच सगळ्यांत जास्त बोलायचात.

कडीखालच्या पट्ट्यात मेढीला तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, असा नियम आहे. तेवढ्या वेळात तिने मागच्या गड्याला अंगावर घेऊन जागा करायची आणि तेवढ्यात चेंडू यायचा. क्षणभर आधी आला तर ती वळलेली नसते. क्षणभर उशिरा आला तर मागचा गडी हात घालतो. मी पुस्तकी माणूस. पोरांना आकडे म्हणायला लावायचो, एक, दोन आणि तीनला चेंडू. तुम्ही दोन दिवस ते ऐकून घेतलंत.

"मास्तर, मागचा गडी रोज येगळा असणार. तो आकडे मोजून येणार हाय का?"

"मग पोरांनी ओळखायचं कशावरून?"

"हसनच्या टाचेवरनं. टाच उचलली की तो वळणार. टाच उचलायच्या आत चेंडू हातातनं सुटला पाहिजे."

"टाच उचलायच्या आत ती उचलणार हे कळणार कसं?"

तुम्ही हसलात. "तेच तर शिकवायचंय."

मग तुम्ही गुराचं दावं आणलंत. एक टोक हसनच्या कमरेला, दुसरं कृष्णाच्या. महिनाभर दोघं तसेच बांधलेले. हसनचं वजन या पायावरून त्या पायावर गेलं की दाव्याला हिसका बसे, आणि तो कृष्णाच्या कमरेला कळे. सुरुवातीला तुम्ही कृष्णाच्या मागे उभे राहून म्हणायचात, "टाक!" मग हळू आवाजात, "टाक." मग नुसते ओठ हलायचे, तेही त्याच्या पाठीमागे, म्हणजे त्याला दिसायचेही नाहीत. पुढे दावं सुटलं. माझी शिट्टी तर तुम्ही कधीच माझ्या गळ्यातून काढून आपल्या खिशात टाकली होती. एका संध्याकाळी कोणी काही बोललं नाही, आणि कृष्णाने भलत्याच बाजूला बघत चेंडू सोडला. हसन वळला तेव्हा तो त्याच्या तळहातात होता. मागचं पोर हात वर करून उभंच राहिलं. तुम्ही शाळेच्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ थांबलात. डोळ्यांत धूळ गेली असावी असं समजून मी पाणी आणून दिलं. तुम्हीही ते मुकाट्याने घेतलंत.

हवालदार, मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. मला शिकवायला कोणी शिकवलं असेल तर ते तुम्ही, आणि तेही कोर्सात नाही, त्या संध्याकाळी. एक शब्द हळूहळू कमी करत नेऊन नाहीसा करायचा, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. माणगावच्या पहिल्या सामन्यात मी रेघेबाहेरून सारखा ओरडत होतो. परतीच्या एस.टी.त तुम्ही म्हणालात, "एकदा पोर रेघेच्या आत गेलं की आपण मुकं, मास्तर."

"मग आम्ही शिक्षक कशाला?"

"शिकवायचं ते रेघेच्या बाहेर. आत त्याचं त्यानं बघायचं."

"चुकत असलं तरी?"

"चुकलं तर त्याचं चुकंल. आपल्या आवाजानं चुकलं तर ते त्याचंबी नाय आन् आपलंबी नाय."

दोन वर्षं आपण हे भांडलो. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, एकदा तर शिवथरच्या वाटेवर पोरांना सहलीला घेऊन जाताना, पोरं पुढे आणि आपण मागे. मी म्हणालो, "पलटणीत हुकूम असतोच की." तुम्ही चालता चालता थांबलात. "म्हणूनच सांगतोय," एवढंच म्हणालात, आणि पुढचा सगळा चढ तोंडातून शब्द काढला नाहीत. तुम्हाला काय आठवलं होतं ते मी विचारलं नाही. तुम्हाला उत्तर देता आलं नाही म्हणून गप्प बसलात, अशी मी माझी समजूत करून घेतली.

आता अलिबागचं लिहितो. हे लिहायचं म्हणूनच मी हा लेख घ्यायला होकार दिला.

जिल्ह्याचा अंतिम सामना. समोर अलिबागकडची शाळा, त्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट, आपली पोरं अनवाणी. कोणाला वाटलं नव्हतं आपण तिथवर येऊ. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले होते, "ढाल घेऊन या, म्हणजे आम्हालाही समितीपुढे काही बोलता येईल." घरी बायकोला सातवा महिना होता. हे सगळं मी तुम्हाला प्रवासात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "पोरांना नका सांगू." मी सांगितलं नव्हतं. पण ते माझ्या अंगात होतं.

शेवटचं मिनिट. आपण एका गुणाने मागे. एक चेंडू कडीत पडला की दोन गुण, म्हणजे सामना आपला. चेंडू कृष्णाच्या हातात. हसन पट्ट्यात शिरतो आहे, त्याच्या मागे त्यांचा सगळ्यांत धिप्पाड गडी. कृष्णा डावीकडे बघतो आहे, म्हणजे उजवीकडे देणार, हे मला माहीत, तुम्हाला माहीत. भोवतीचे लोक आरडाओरड करताहेत. तुम्ही माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेले, जसे प्रत्येक सामन्यात बसायचात. आणि मी उठून उभा राहिलो. मी ओरडलो.

मी नेहमी ओरडायचो ते 'पास!' असं. त्या क्षणी माझ्या तोंडून तुमचा शब्द निघाला. "टाक!"

कृष्णाच्या हातातून चेंडू सुटला. हसन अजून वळला नव्हता. चेंडू त्याच्या कोपराला लागून उडाला, त्या धिप्पाड पोराने तो वरच्या वर उचलला, आणि सामना संपला.

मैदानाच्या मागे सुरूची झाडं होती. पोरं तिथे वाळूत बसली होती. हसन गुडघ्यांत डोकं घालून. कृष्णा उठून आपल्याकडे आला. तो माझ्याकडे आला नाही, तुमच्याकडे आला.

"काका, तुम्ही का ओरडलात?"

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत.

"तुम्हीच सांगितलंत, कुणाचं ऐकायचं नाय. माझं ध्यान होतं ना त्याच्यावर! तो वळणारच होता. तुमचा आवाज आला आन् हात आपोआप सुटला माझा."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. माझ्या हातात चेंडूची जाळी होती. मी खाली बघून तिची गाठ मारत होतो. ती गाठ मी दोनदा मारली, तिसऱ्यांदा सोडली. मी बोलायला पाहिजे होतं ते त्या वेळात. तुम्ही मला पुरेसा वेळ दिला होतात, हवालदार.

मग तुम्ही कृष्णाला म्हणालात, "चुकलं माझं, पोरा. ऱ्हावलं नाय."

कृष्णा वळला आणि दूर जाऊन एकटा बसला. परतीच्या प्रवासात तो ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होता आणि तुम्ही शेवटच्या.

महाडला उतरल्यावर पोरं पांगली. मी तुमच्याजवळ आलो. तुम्ही पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभे होतात.

"हवालदार, मी उद्या कृष्णाला सांगतो."

"उद्या नको. आता ताजं हाय. उद्या त्याला तुमच्या वर्गात बसायचंय, परीक्षा द्यायचीय. मास्तरावरचा इश्वास गेला तर पोर शाळा सोडंल. मी काय, मी त्याचा घरचाच."

"मग केव्हा?"

"कधीतरी सांगा. घाई नाय." गाडी आली. तुम्ही पायरीवर चढलात आणि मागे वळून म्हणालात, "पर सांगा."

आठवड्याने मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्याही कानावर तेच गेलं होतं की बाहेरच्या माणसाने मधेच ओरडून सामना घालवला. "शाळेशी संबंध नसलेली माणसं मैदानावर आणायची कशाला?" ते म्हणाले. त्यांच्यापुढे खुर्चीवर बसून मी म्हणालो, "बरं सर." तेवढंच. मैदानावर येऊ नका, हा निरोपही मी स्वतः आणला नाही, चिठ्ठी पाठवली. तुम्ही त्यानंतर शाळेत आला नाहीत. मला पुढच्याच वर्षी कायम केलं.

ज्यांना वाटतं की त्या सामन्यात हवालदार ओरडले, त्यांच्यासाठी इथे छापील अक्षरांत लिहितो: तो आवाज माझा होता. हे मी मुख्याध्यापकांनाही परवा समोर जाऊन सांगितलं. पेनाशी चाळा करत ते म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" पण लेख छापू असं ते म्हणाले.

तुम्ही त्यानंतरच्या दोन वर्षांत स्वस्थ बसला नाहीत. उमरठच्या अलीकडे, तुमच्या वाडीखालच्या माळावर एकच खांब रोवून आसपासच्या पोरापोरींना जमवू लागलात, असं ऐकत होतो. मुलींनाही खेळवता म्हणून काही लोक कुरकुरले, तर तुम्ही त्यांच्याच मुलींना आणलंत. मी येईन येईन म्हणायचो. तीन-चारदाच आलो. प्रत्येक वेळी तुम्ही मला मैदानात ओढलंत, "मास्तर, ह्या पोरीचा हात बघा, कृष्णासारखा हाय." कृष्णाचं नाव घेताना तुमचा आवाज तसाच असायचा, जराही न हललेला.

कृष्णा मॅट्रिक होऊन मुंबईला गिरणीत लागला. सुट्टीत गावी आला की तुमच्या दारावरून जायचा आणि आत यायचा नाही. गेल्या गणपतीत मी तुमच्याकडे आलो होतो. तुमचा खोकला वाढला होता. पडवीत बसून आपण चहा घेतला. तुम्ही वाटेकडे तोंड करून बसला होतात.

"कृष्णा आलाय म्हणे," मी म्हणालो.

"आलाय. काल गेला हितनं. नवी सदरा-पँट, चांगला दिसत होता."

"बोलला?"

"नाय."

मी कप खाली ठेवला. आता सांगतो, आताच उठून त्याच्या घरी जातो आणि त्याला इथे घेऊन येतो, हे शब्द अगदी ओठांशी होते. शेजारचं घर. अंगण ओलांडलं की झालं. आणि मी तुम्हाला विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

तुम्ही माझ्याकडे बघून हळूच हसलात. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही गेल्याची बातमी भातझोडणीच्या दिवसांत आली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून पुन्हा दहाव्याला आलो. नदीकाठी माणसं बरीच होती, माळावरची पोरंपोरी एका बाजूला रांगेत उभी होती. कोणी रांग लावायला सांगितली नव्हती त्यांना. हसन वडिलांची गाडी घेऊन आला होता, ताठ उभा होता. कृष्णा मुंबईहून आला होता आणि सगळ्यांपासून लांब, एका उंबराखाली होता. तो जवळ येत नव्हता आणि जातही नव्हता.

विधी संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो.

"कृष्णा, अलिबागला 'टाक' म्हणून ओरडला तो मी."

त्याला आधी कळलंच नाही. "काय म्हणालात, सर?"

"हवालदार नव्हते ओरडले. ते गप्प बसले होते. तो आवाज माझा होता."

खाली पाणी वाहत होतं, कोणीतरी भांडी घासत होतं.

"पण ते तर म्हणाले, चुकलं माझं."

"हो. माझ्यासमोर म्हणाले. आणि मी बोललो नाही."

"त्यांना ठाऊक होतं? तुम्ही ओरडलात ते?"

"माझ्या शेजारीच बसले होते."

कृष्णा खाली बसला. गिरणीत राबून त्याचे हात खरखरीत झाले आहेत, हवालदार. ते हात त्याने तोंडावर धरले. मला वाटलं तो मला मारील. मारायला हवं होतं. मग तो म्हणाला, "दोन वर्षं मी त्या दारावरनं मान फिरवून गेलो, सर. ते बाहेर बसलेले असायचे. मला दिसायचे. आता मी कुणावर रागावू?"

"माझ्यावर."

"तुमच्यावर रागावून ते येणार हायत का?"

मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली नाही, आणि 'नाही'ही म्हणाला नाही. नुसता उठला आणि चालू लागला. मी मागून गेलो, कारण वाट एकच होती.

तुमच्या घराशी तो थांबला. पडवीतलं तुमचं बसायचं घोंगडं कोणीतरी गुंडाळून ठेवलं होतं. वहिनी आत चुलीशी होत्या. त्याला पाहून त्या उठल्या नाहीत, दचकल्या नाहीत. "आलास रे?" म्हणाल्या, तो सकाळीच बाहेर गेला होता आणि आता आला, असं.

"काकी," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "काका माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

वहिनी लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "काय म्हणणार? तू गेलास दारावरनं की मी बोलायचे, येवढा शिकवला न् बघत नाय. तर मलाच गप करायचे. म्हणायचे, पोरगं अजून रागावलंय ना, मग बरं हाय. खेळ अजून सुटला नाय त्याच्या मनातनं. ज्या दिशी हसून रामराम घालून पुढं जाईल ना, त्या दिशी मला वाईट वाटंल."

कृष्णा उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसला आणि मोठ्याने रडला. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात चुलीच्या राखेने भरलेला होता, त्याच्या नव्या सदऱ्याला ती राख लागली. थोड्या वेळाने त्यांनी ताट घेतलं आणि भात वाढला. त्याने तो खाल्ला, रडत रडत, लहान पोर खातं तसा.

"मास्तर, तुम्हीबी या आत," वहिनी म्हणाल्या.

मी नको म्हणालो. हवालदार, भूक नव्हती असं नाही, आणि त्यांच्या बोलावण्यात काही उणं नव्हतं. पण ते घर त्या वेळी कृष्णाचं होतं. दोन वर्षं ते त्याचंच होतं, आणि माझ्यामुळे तो बाहेर राहिला. मी अंगणात उभा राहिलो, त्याचं जेवण होईपर्यंत. मग एस.टी.ची वेळ झाली आणि मी निघालो.